एक घर भरलं की डावीकडे

वारूळवाडी,
शनिवार, २१ मार्च २०२६

चि. आरोही हिस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. रत्नाकाकूचा गुडघा आता बराच बरा आहे, जिना चढते. तुझी परीक्षा जवळ आली असेल, जेवणाची हेळसांड करू नकोस. पाडव्याला यंदा आपल्याकडे गुढी नव्हती हे तुला माहीत आहेच. तुझ्या आईने साधा आमटी-भात केला, आम्ही दोघं गावी जाऊन तिकडेच जेवलो. तुझा विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, "पोरगी यात्रेला शर्यतीच्या घाटात हुबी राहायची म्हणती. भाऊजी, तुमी हाये ना तिच्या संगं?" मी मान हलवली.

तुझे तीन मेसेज आले. तिन्ही वाचले. उत्तर दिलं नाही याचा राग आला असेल. मोबाइलवर लिहायला बसलो की दोन ओळी होतात आणि मी त्या पुसतो. काल रत्ना म्हणाली, "आवो, किती येळ अंगठा फिरवताय? कुणाचं लगीन जमवताय का काय?" म्हणून शेवटी वही घेतली. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी सहा मिळायचे, तेवढ्यात भागवून घे.

सोमवारी मला मंचरला काम आहे. तिथून अवसरीला येऊन तुझ्या होस्टेलच्या वॉचमनकडे हे पत्र आणि एक खोकं ठेवून जाईन. तुला हाक मारणार नाही. पत्र वाचून होईपर्यंत खोकं उघडू नकोस.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर. पप्पांच्या फुल फ्रेम कॅमेऱ्याला घाटातल्या फोटोंसाठी १४ ची लेन्स घ्यावी की १६-३५ ची, असं तू विचारलं होतंस. मी पुण्याहून १६-३५ आणि २० अशा दोन लेन्स चार दिवसांसाठी भाड्याने आणल्या. १४ आणि २४ माझ्याकडे आहेतच. माझी कॅमेरा-बॉडी आणि पप्पांची एकाच मॉडेलची, म्हणून चारही लेन्स माझ्या बॉडीवर लावून बघितल्या. स्टुडिओच्या गच्चीवरून, एका बारशात आणि आणखी एका ठिकाणी.

१४ सगळ्यात रुंद. दुकानाच्या दारात उभं राहिलं तर अख्खी गल्ली, वरच्या तारा आणि खाली स्वतःच्या चपलेचं टोकसुद्धा फोटोत येतं. पण पुढची काच फुगीर आहे, तिला फिल्टर बसत नाही. घाटातली धूळ आणि भंडारा थेट काचेवर. शिवाय कडेची माणसं ताणली जातात. मी ही लेन्स घेतली तेव्हाचं पहिलंच काम एक साखरपुडा होता. ग्रुप फोटोत नवरदेवाची आत्या अगदी टोकाला उभी होती. फोटो बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ए फोटोवाल्या, ह्यो माझा दंड हाये का देवळाचा खांब?" सगळा हॉल हसला. मला तेव्हा हसू आलं नाही.

१६-३५ सोयीची आहे. एकाच जागी उभं राहून रुंद-अरुंद करता येतं. १६ वर लेन्स पूर्ण उघडली, एफ चारला, तर कोपरे जरा मऊ येतात, छिद्र बारीक केलं, एफ आठला, की स्वच्छ. वजन मात्र गळ्याला जाणवतं. हात हलला तरी फोटो सावरून घेण्याची सोय तिच्यात आहे, ती हॉलमध्ये कामाला येते. पळत्या बैलांना तिचा काही उपयोग नाही, तिथे शटरचा वेगच हजाराच्या वर लागतो.

२० हलकी आहे. मांडवात उजेड कमी असला तरी चालते. कोपऱ्यापर्यंत फोटो धारदार येतो आणि माणसं माणसांसारखी दिसतात.

२४ ही तुझ्या पप्पांची जुनी. रिंगवरचे आकडे घासून गेलेत, फोकस करताना कुरकुर करते, कोपरे साधारण. वर्षभर मीच वापरतोय.

नुसता काचेचा विचार केला तर २० घे. तू विचारलेल्या दोन्हींपैकी एकही नको.

इथे पत्र संपवता आलं असतं. पण तुझ्या तिसऱ्या मेसेजात जे आहे त्याने आठ दिवस माझं कामात लक्ष नाही. मी तो इथे उतरवून काढतो. "काका, काळजी करू नका. कॉलेजच्या कॅमेऱ्यावर १६ लावून ग्राउंडवर बघितलं. पप्पांचा नियम बरोबर बसतो. एक घर भरलं की डावीकडे. पप्पांचा पाय घसरला नसता तर काहीच झालं नसतं."

तुला सगळं माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून मांडतो. नाहीतर मला पुढचं लिहिता येणार नाही.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडी, तिच्यावर स्वार, आणि मागे बैल मोकळे सुटतात. लाउडस्पीकरवर "भिर्रर्र" झालं की ते घाटाच्या चढावरून वर निशाणापर्यंत कुणासाठी थांबत नाहीत. तुझे पप्पा, म्हणजे माझा दादा, निशाणाच्या अलीकडे घाटाच्या ऐन मधोमध वाकून उभा राहायचा, समोरून फोटो घ्यायला. कमिटीची माणसं ओरडायची. दादा हसायचा आणि तिथेच राहायचा. त्याच्या कॅमेऱ्यात डोळा लावला की आडव्या रेषांनी चार घरं दिसतात. घोडी आणि वरचा स्वार मिळून एका घराच्या उंचीएवढे झाले की डावीकडच्या बांधावर उडी. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून तीन हंगाम, शेकडो बाऱ्या, एकदाही चुकलं नाही. तुलाही त्याने शाळेच्या पटांगणात सायकलवाल्यांपुढे उभं करून हेच शिकवलं होतं. मी बघत होतो.

आता कॉलेजच्या कॅमेऱ्याचं. त्याचा सेन्सर छोटा आहे. त्याच्यावर १६ लावली की चित्र जवळपास तेवढंच दिसतं, जेवढं पप्पांच्या फुल फ्रेमवर २४ लावल्यावर दिसतं. म्हणून ग्राउंडवर तुझा नियम बरोबर बसला. तीच १६ तू पप्पांच्या कॅमेऱ्यावर लावलीस तर सगळं आणखी लांब दिसेल. घोडी एका घराएवढी व्हायला तिला कितीतरी जवळ यावं लागेल.

किती जवळ, ते मी मोजलं. वर जे "आणखी एका ठिकाणी" लिहिलं, ते ठिकाण हेच. मंगळवारी घाटात गेलो होतो. वर्षात पहिल्यांदा.

त्याआधी घोडीचं माप घेतलं. स्वाराला वर बसवून टेप लावली, तर तो म्हणाला, "काय गोरक्षभाऊ, घोडीला झबलं शिवताय का काय?" आठ फूट भरलं. मग आठ फुटांचा वासा घेऊन घाटात रोवला आणि एकेक लेन्स लावून, वासा एका घरात बरोबर बसेपर्यंत मागे सरकत गेलो. प्रत्येक वेळी तिथे दगड ठेवला.

२४ ला बत्तीस फूट.
२० ला सत्तावीस.
१६ ला एकवीस.
१४ ला एकोणीसही भरले नाहीत.

बैल एका सेकंदात तीस-पस्तीस फूट येतात. बाकीचा हिशेब तू इंजिनिअरिंगला आहेस, तुला मांडून दाखवायला नको.

मी दगडांपाशी उभा होतो तेव्हा बहिरूबाबा मेंढरं घेऊन वरून उतरले. "काय राव, घाटाचा सातबारा काढताय व्हय?" मी म्हटलं, नाही, सहज. त्यांनी वासा बघितला, दगड बघितले, आणि मेंढरं पुढं जाऊ देऊन बांधावर टेकले. मग म्हणाले, "लोकं म्हनत्यात पाय घसारला. म्या हितंच बसलो व्हतो. पाय न्हाई घसारला. सोपाननं उडी मारली. डावीकडंच मारली. पर बैल तवर आल्यालं व्हतं." मी विचारलं, तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही? ते म्हणाले, "कुनी इचारलंच न्हाई. आन सांगून काय मानूस माघारी येतंय?"

मी एकोणीस फुटांवरचा दगड उचलून लांब टाकून दिला. कशासाठी ते माहीत नाही.

रविवार, दुपार

काल इथेच थांबलो. रत्नाने जेवायला हाक मारली आणि नंतर परत बसायचा धीर झाला नाही. आज ती माहेरी गेली आहे आणि घरात कुणी नाही, तेव्हा उरलेलं लिहून टाकतो.

तुला आणि वहिनींना मी सांगितलं होतं की कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं, काही निघालं नाही. ते खोटं होतं. कार्ड चांगलं आहे. पोलिसांकडून कॅमेरा मिळाला त्याच दिवशी मी ते काढून घेतलं. त्यात पंचावन्न फोटो आहेत. शेवटच्या फोटोत घोडी आहे, मागे बैलांची शिंगं आहेत आणि वर खूप आभाळ आहे. सगळं लहान आणि लांब दिसतं. बघणाऱ्याला वाटेल, अजून भरपूर वेळ आहे. मी त्याची प्रत कॉम्प्युटरवर घेऊन तिचे चार भाग पाडले. घोडी आणि स्वार बरोबर एका घरात बसतात. स्वाराचं डोकं रेषेला टेकलेलं आहे.

म्हणजे दादाने नियम मोडला नाही, आरोही. त्याने शेवटपर्यंत पाळला. नियम २४ चा होता आणि कॅमेऱ्यावर १४ होती.

ती १४ माझी होती, हे साऱ्या गावाला माहीत आहे. दशक्रियेला नदीच्या घाटावर तुझी आई सगळ्या बायांपुढे म्हणाली, "नवी कोरी लेन्स, सोता वापरली न्हाई, भावाला दिली हो. असा भाऊ मिळायला पुण्य लागतं." माणसांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. मी नदीकडे बघत राहिलो. गेलं वर्षभर मी त्या बोलण्यावर जगतोय.

खरं काय झालं ते असं. साखरपुड्यातली ती आत्या मी वर लिहिली. तो साखरपुडा यात्रेच्या आदल्या दिवशी होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांचं लग्न होतं. काम माझ्याकडेच होतं. १४ घेऊन परत त्या बाईसमोर उभं राहायची मला लाज वाटत होती. मला दादाची २४ हवी होती. तशी मागितली असती तर त्याने हसत दिली असती आणि स्वतः काहीतरी जुनंपानं लावून गेला असता. पण मला मागायचं नव्हतं. नवी लेन्स घेऊन एका दिवसात मी हरलो, हे मला त्याला कळू द्यायचं नव्हतं.

म्हणून सकाळी साडेसातला दुकानात मी त्याला म्हटलं, "दादा, आज घाटात तू माझी १४ ने. फोटोत आभाळ येतंय, गाडा हवेत उडाल्यागत दिसंल. मी तुझ्या २४ वर भागवतो." वर उपकार केल्यासारखं.

त्याने ती लावली आणि दारातून रस्त्याकडे बघितलं. म्हणाला, "गोऱ्या, ही लई लांब दाखवती रं. ती यष्टी बघ, काड्याच्या पेटीएवढी."

मी म्हटलं, "मग जवळ येऊ दे की."

तो हसला. माझ्या पाठीत एक थाप मारली आणि गाडीला किक मारून गेला.

एवढंच मला लिहायचं होतं. ते पाच शब्द मी कुणालाही सांगितलेले नाहीत, रत्नालाही नाही. पावणेबाराच्या सुमाराला लग्नात ती आत्या कॅमेऱ्याच्या मागे येऊन स्वतःचा फोटो बघत होती. "आज कशी मानसासारखी दिसते बघ," म्हणाली. मी तिला दाखवत होतो तेव्हाच खिशातला फोन वाजायला लागला. फोटो दाखवून होईपर्यंत मी तो उचलला नाही.

मला तेव्हा घरं आणि फूट काही सुचलं नव्हतं, हे खरं आहे. दादालाही सुचलं नाही, आणि तो माझ्यापेक्षा हुशार होता. सवयीचा माणूस डोळ्यापेक्षा सवयीवर जास्त विश्वास ठेवतो. पण मला ते दिवाळीत सुचलं. तुझ्या हातात कॅमेरा देताना, त्या रेषा बघून. दिवाळीपासून मार्चपर्यंत मी गप्प राहिलो. तू मेसेज केला नसतास तर अजूनही गप्प राहिलो असतो, कारण नियम कुठे चुकला हे सांगायचं तर लेन्स का बदलली हेही सांगावं लागतं. मी तुझ्या जिवाची आणि माझ्या अब्रूची तुलना करत बसलो होतो. आठ दिवस. ही तुलना मुळात करायचीच नव्हती, आणि ती करायला मला एवढा वेळ लागला, याची मला भीती वाटते.

आता खोक्यात काय आहे ते सांगतो. पप्पांची २४ आहे. पुसून, पाठीमागचं झाकण नवं लावून ठेवली आहे. पुढचं झाकण त्याचंच आहे, त्याच्यावर तू लहानपणी चिकटवलेला फुलपाखराचा स्टिकर अजून अर्धा शिल्लक आहे. छोट्या डबीत कार्ड आहे. चोपन्न फोटो बघण्यासारखे आहेत. एकात पप्पांची सावली आली आहे, कॅमेऱ्यासकट, चांगली लांब. पंचावन्नावा बघायचा की नाही ते तू ठरव. मी त्याला हात लावलेला नाही.

१४ खोक्यात नाही. तिच्यावर ओरखडासुद्धा आला नाही. ती मी तुला देणार नाही आणि विकणारही नाही.

यात्रा २ तारखेला आहे. पप्पांचं वर्षश्राद्ध तिथीने त्याच दिवशी येतं, वहिनी ते सकाळी उरकणार आहेत. त्यानंतर तू घाटात जाणार. पप्पांच्या जागेवरून एक फोटो घ्यायचा, मग बास, असं तू आईला म्हणालीस. तुला नको म्हणावंसं मला फार वाटतं. वर जे लिहिलं त्यानंतर तो अधिकार मला राहिला आहे असं वाटत नाही. बांधावरून फोटो घेतलास तर मी आयुष्यभर तुझा ऋणी राहीन. पण तू सोपानची मुलगी आहेस, बांधावरून घेणार नाहीस हेही मला दिसतंय.

मग एवढं तरी ऐक. २४ लावून उभी राहा. २० सुद्धा नको, मी वर जे लिहिलं ते खोडून टाक. २० लग्नासाठी घे, घाटासाठी नको. आणि घरावर भरवसा ठेवू नकोस. २४ असली तरी नको. डोळा कॅमेऱ्याला लागला की समोरचं खरं राहत नाही. तुझ्या जागेपासून साठ फुटांवर मी चुन्याची रेघ मारीन. तुझ्यामागे मी उभा राहीन, हातात कॅमेरा न घेता, उघड्या डोळ्यांनी. घोडीचा पाय रेघेवर पडला की तुझा खांदा डावीकडे ओढीन. तेव्हा बोट बटणावर असलं आणि फोटो आला नसला तरी यायचं. दुसरी बारी असते.

माझा हात खांद्यावर नको असेल, तर मला त्याचं वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघीन. तसं असेल तर तुझ्या मामाला उभं करू. मी रेघ मारून, टेपने परत मोजून, घाटाच्या खाली जाऊन बसेन. एकटी मात्र उभी राहू नकोस.

वहिनींना मी अजून सांगितलेलं नाही. बुधवारी संध्याकाळी जाऊन सांगणार आहे. तुला आधी कळवलं कारण तुझं घाईचं आहे. तोपर्यंत त्यांच्याशी फोनवर बोललीस तर नेहमीसारखं बोल. न जमलं तर तूच सांगून टाक, मी आडकाठी करणार नाही. माझ्या आधी त्यांना तुझ्याकडून कळलं तरी ते बरोबरच होईल.

परीक्षेचा अभ्यास कर. उन्हात टोपी घाल. उत्तर लांबलचक नको, 'या' एवढं लिहिलंस तरी पुरे. काहीच आलं नाही तरी चुन्याची पिशवी आणून दुकानात ठेवली आहे. वासाही तिथेच आहे.

तुझ्या पप्पांचा धाकटा भाऊ,
गोरक्ष